विजयदुर्गाचा फॉरवर्ड आणि पुण्याहून गेलेली दुर्बीण

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, चहा घेऊन बसा.

विज्ञान दिनाच्या आधी दोन-तीन आठवडे माझ्या भाचीचा फोन आला. नववीत आहे, इथेच भिवंडीत मराठी शाळेत. शाळेत भाषण द्यायचं होतं आणि व्हॉट्सअॅपवर आलेला एक मजकूर तिने मला पाठवला. तुम्हालाही तो आला असणार. दरवर्षी १८ ऑगस्टच्या आसपास येतोच. मजकूर असा, की १८६८ साली लॉकयर नावाच्या इंग्रज साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावली, सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियम वायूचा शोध लागला. किल्ल्यावर त्याचे ओटे आजही आहेत, "साहेबाचे ओटे". अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा.

"मामा, हे खरं आहे ना? बाईंनी उलटा प्रश्न विचारला तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या 'उद्या'ला तीन आठवडे लागले. मी काही शास्त्रज्ञ नाही. मानकोलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये हिशेब बघतो, आणि इतिहासाचं वेड आहे म्हणून वाचत असतो. पण शोधता शोधता जे हाती लागलं, ते त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठं होतं. थोडं टोचणारंही होतं. म्हणून इथे लिहितोय.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. रात्री गच्चीवर जा. लांबचा एखादा दिवा बघा, जितका लांब आणि बारीक दिसेल तितका चांगला. आता छत्रीचं कापड किंवा एखादं तलम, घट्ट विणीचं कापड डोळ्यासमोर ताणून धरा आणि त्यातून तोच दिवा बघा. एका दिव्याच्या जागी चौफुलीसारखे अनेक ठिपके दिसतील आणि बाहेरच्या ठिपक्यांना लाल-निळ्या कडा असतील. उभ्या-आडव्या धाग्यांमधल्या फटींमधून येताना प्रकाश पसरतो आणि त्याचे रंग वेगळे होतात.

भिवंडीत आपण पिढ्यानपिढ्या कापड विणतोय, पण कापडाचा हा उपयोग माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. अमेरिकेत फिलाडेल्फियाला फ्रान्सिस हॉपकिन्सन नावाच्या माणसाच्या मात्र आला. त्याने रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला, चकित झाला आणि आपल्या डेव्हिड रिटनहाउस या मित्राला कारण विचारलं. रिटनहाउस घड्याळं आणि उपकरणं बनवणारा माणूस. त्याने १७८५ साली बारीक स्क्रूच्या आट्यांमध्ये केस ताणून बसवले, म्हणजे नुसता ताणा, बाणा नाही, आणि त्यातून प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवले. आज काचेवर किंवा धातूवर अगदी जवळजवळ रेघा ओढून हेच काम करतात. तिला ग्रेटिंग म्हणतात. ग्रेटिंग किंवा प्रिझम लावून प्रकाशाचे रंग पसरवायचे आणि त्या पट्ट्याची नोंद घ्यायची, या यंत्राचं नाव स्पेक्ट्रोग्राफ. मराठीत वर्णपटलेखक.

याचं महत्त्व काय? १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत किरखॉफ आणि बुनसेन यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक मूलद्रव्य या पट्ट्यात स्वतःच्या ठराविक जागी रेघा उमटवतं. सोडियमच्या वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या. म्हणजे ज्या ताऱ्यावर कुणी कधी जाणार नाही, तो कशाचा बनलाय ते इथे बसून कळतं. दुर्बीण फक्त प्रकाश गोळा करते, तो वाचायचं काम स्पेक्ट्रोग्राफ करतो.

आता १८ ऑगस्ट १८६८.

त्या दिवशी खग्रास ग्रहणाचा पट्टा दक्षिण कोकणातून शिरून जमखंडी, विजापूर करत गुंटूर आणि मछलीपट्टणकडे गेला. किरखॉफ-बुनसेननंतर सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांना स्पेक्ट्रोस्कोप लावून बघायची ही पहिली मोठी संधी होती. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, रॉयल सोसायटीने पाठवलेली उपकरणं घेऊन. ढगांनी छळलं, पण मधल्या फटीत त्यांना ज्वाळांच्या प्रकाशात तीन ठळक रेघा दिसल्या. एक लाल, एक नारिंगी, एक निळी.

हे हर्शेल कोण, तर विल्यम हर्शेल यांचे नातू. आजोबांनी १८०० साली प्रिझमने सूर्यप्रकाश पसरवला आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो हे तिथे पहिल्यांदा कळलं. यालाच आपण अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतो. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि लॉकयर साहेब? ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. युद्ध खात्यात कारकून होते, खगोलशास्त्र हा छंद. (कारकून म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला लंडनमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. ग्रहणाशिवाय हे करता येतं हे जान्सेन यांनाही गुंटूरला सुचलं होतं. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या नारिंगी-पिवळ्या रेघेची जागा सोडियमशी जुळेना, म्हणून लॉकयर यांनी हे नवंच मूलद्रव्य आहे असं मांडलं आणि त्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळालं. पृथ्वीवर तो वायू रॅमसे यांना सापडला तो १८९५ साली.

मग विजयदुर्गाची गोष्ट सगळी बनावट का? नाही. लॉकयर विजयदुर्गावर आले होते, पण ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. सोबत ब्रिटिश नौदलाच्या मेल्पोमिनी जहाजावरची माणसं मदतीला होती, आणि वर्णपट टिपायचे मोठे कॅमेरे होते. ओट्यांची आठवण कशाशी जोडायचीच तर या मोहिमेशी जोडायला हवी. साहेब खरा, किल्ला खरा. साल आणि शोध यांची मात्र आपण गल्लत केली.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, बरं, एक फॉरवर्ड चुकीचा निघाला, त्यात काय एवढं. मीही भाचीला एवढंच सांगून मोकळा होणार होतो. पण १८९८ चा नकाशा बघताना एक नाव समोर आलं आणि मी तिथेच अडकलो.

त्या वर्षीचा ग्रहणाचा पट्टा आजच्या महाराष्ट्रातून तिरपा गेला. विजयदुर्ग, मग सोलापूर जिल्ह्यातलं जेऊर, मग विदर्भात तळणी आणि पुलगाव. जगभरातले लोक इथे आले होते. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. पुलगावला इंग्लंडचे न्यूऑल आणि हिल्स. आणि जेऊरलाच, आपली स्वतःची उपकरणं घेऊन, पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी ऐकलं नव्हतं.

नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले. १८८२ साली भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढेच घातले, वर्णपटाचा अभ्यास करायची प्रयोगशाळा उभी करायला. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले आणि तिथे लॉकयर यांच्याशी सल्लामसलत करून आले. मग ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, आले आणि १८८८ मध्ये तिथे महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. पुढे तिथे डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरशाची दुर्बीण बसली. त्या वेळी ती भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती, आणि नंतरही कित्येक दशकं राहिली.

आणि कामही नुसतं दाखवायचं नव्हतं. लॉकयर यांचा एक आवडता सिद्धांत होता, की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे. नायगमवालांनी पुण्यातून मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट घेतला. लॉकयर यांच्या सिद्धांताला हवी तशी ती मुख्य रेघ पसरट निघाली नाही. ती बारीक, रेखीव होती. ज्यांच्याकडे सल्ला घ्यायला गेलो, त्यांच्याच मताविरुद्ध जाणारं निरीक्षण पुण्यातल्या एका प्राध्यापकाने छापलं. १८९१ साली! भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, मग फॉरवर्ड यांचा का नाही येत?"

उत्तर पुढे आहे, आणि ते आपल्याला फारसं शोभणारं नाही.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली. कुणी दुसरा प्राध्यापक नेमला गेला नाही. दुर्बीण आणि उपकरणं तामिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत पाठवली गेली. पुण्यात भारतातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती आणि ती एका माणसाच्या नोकरीच्या कालावधीएवढीच टिकली. उपकरण चालवणारा, दुरुस्त करणारा, नवं जोडणारा दुसरा हात तयार झालाच नाही, किंवा झाला असेल तर त्याला जागा मिळाली नाही.

इथे मला माझे वडील आठवले. ते लूमवर जॉबर होते. लूमच्या आवाजावरून कुठे काय बिघडलंय हे सांगायचे. धोटा उडायला लागला, तार तुटायला लागली, फणीत दात वाकला, की लोक रात्री-अपरात्री दारात. ८२ च्या संपानंतर भिवंडीत यंत्रमाग वाढले, तेव्हा अशा हातांची चांदी होती. पण आपल्या गावाने बहुतेक यंत्रं बाहेरून आणली, बरीचशी वापरलेली. आपण ती चालवली, सांभाळली, जोडतोड करून २०-३० वर्षं जास्त पळवली. नवीन लूम आपण आखावा, बनवावा, इथवर आपण गेलो नाही. मग बाहेर बिनधोट्याचे माग आले, रेपियर, एअरजेट, आणि आपले साधे माग वजनावर भंगारात जायला लागले. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या डोक्यातलं कुणी लिहून घेतलं नाही. मीही नाही. याची बोचणी मला आहे.

म्हणून १९१२ ची ती ओळ वाचताना पुण्याची वेधशाळा परकी वाटली नाही.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, म्हणूनच एवढं लिहितोय.

नायगमवालांची ती २० इंची दुर्बीण कोडाईकनालनंतर कावलूरला गेली आणि १९८० च्या दशकात थेट लेहला. कशासाठी? हिमालयात मोठी दुर्बीण उभारायची तर आकाश कसं आहे, हे तपासायला. म्हणजे पुण्यात बंद पडलेली दुर्बीण जवळपास १०० वर्षांची होऊनही लडाखची हवा पारखायला कामी आली. पुढे लडाखमध्येच हानले इथे, ४,५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण उभी राहिली. २००० साली तिने पहिला प्रकाश पाहिला.

लडाखच का, तर इथे विल्यम हर्शेल यांचा तो न दिसणारा प्रकाश परत येतो. तारे जन्मतात ते धुळीच्या दाट ढगांत. दृश्य प्रकाश त्या धुळीत अडकतो, अवरक्त प्रकाश आरपार येतो. पण आपल्या हवेतली वाफ अवरक्त प्रकाश पिऊन टाकते. भिवंडीतल्या जुलैच्या हवेतून तर काही विचारूच नका. म्हणून उंच, थंड, कोरडी जागा लागते.

त्या दुर्बिणीला २०१३ च्या जूनमध्ये एक नवं यंत्र बसलं. त्याचं नाव टिरस्पेक. जवळच्या अवरक्त प्रकाशाचा, म्हणजे साधारण १ ते २.५ मायक्रॉनचा, वर्णपट घेणारा स्पेक्ट्रोग्राफ. तो उभा केला मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, टीआयएफआरने. देवेंद्र ओझा आणि स्वर्ण कांती घोष यांचा गट. १९१२ ते २०१३. मधल्या काळात महाराष्ट्रात काहीच झालं नाही असं नाही. टीआयएफआरचे लोक ऐंशीच्या दशकापासून हैदराबादहून बलूनने १ मीटरची अवरक्त दुर्बीण वर पाठवत होते. १९८८ मध्ये नारळीकर सरांची आयुका पुण्यात उभी राहिली. २००६ मध्ये जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आली आणि टीआयएफआरचा अवरक्त कॅमेरा तिथेही लागला. पण अवरक्त वर्णपट घेणारं असं मोठ्या दुर्बिणीवरचं यंत्र मुंबईच्या गटाच्या हातून उभं राहायला नायगमवालांची वेधशाळा बंद पडून १०१ वर्षं गेली.

असं यंत्र करायला कठीण का असतं, हे मला समजलं तेवढं सांगतो. प्रत्येक गरम वस्तू स्वतः अवरक्त प्रकाश देते. भिंत देते, माणूस देतो, खुद्द यंत्रही देतं. म्हणजे ज्या कॅमेऱ्याने काळोखातला ठिपका टिपायचा, तो कॅमेराच स्वतः पेटलेला. म्हणून आतला भाग निर्वात पेटीत ठेवून शून्याखाली पावणेदोनशे-दोनशे अंशांच्या घरात थंड करावा लागतो. इतक्या थंडीत धातू आकसतो, काच आकसते, आणि दोन्ही सारखे आकसत नाहीत. खोलीत अचूक बसवलेलं भिंग थंड झाल्यावर जागेवर राहील, असं आधीच हिशेब करून बसवायचं. एकदा पेटी बंद झाली की हात घालता येत नाही. आत एक स्क्रू ढिला राहिला तर सगळं पुन्हा गरम करा, उघडा, आणि सगळं पहिल्यापासून. माझे वडील असते तर म्हणाले असते, चालू लूममध्ये हात घालता येत नाही म्हणूनच आवाज ऐकायला शिकायचं.

टिरस्पेकनंतर त्याच गटाने नैनितालच्या एरीज संस्थेबरोबर टॅन्स्पेक केला. तो देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर २०१९ मध्ये लागला. ही हवी तिकडे वळवता येणारी भारतातली सगळ्यात मोठी दृश्य-प्रकाशाची दुर्बीण. टिरस्पेकचा बारकावा साधारण १,२०० होता, टॅन्स्पेकचा २,७०० च्या पुढे. बारकावा म्हणजे काय? कापडाच्या भाषेत, एका इंचात किती धागे वेगळे मोजता येतात ते. आकडा जितका मोठा, तितक्या जवळच्या दोन रेघा वेगळ्या दिसतात.

आता जगात हे काम कुठवर गेलंय ते बघा. अमेरिकेत टेक्सासमध्ये हॉबी-एबर्ली नावाची १० मीटर वर्गातली दुर्बीण आहे. तिच्यावर हॅबिटेबल-झोन प्लॅनेट फाइंडर नावाचा अवरक्त स्पेक्ट्रोग्राफ आहे. त्याचा बारकावा ५०,००० च्या वर. आपल्या शेजारचे बहुतेक तारे लहान, थंड, तांबडे असतात आणि त्यांचा बराचसा प्रकाश अवरक्तातच येतो. अशा ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर तो ताऱ्याला किंचित मागेपुढे ओढतो आणि ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेघा किंचित सरकतात. त्या सरकण्यावरून ग्रह सापडतो. या यंत्राने ताऱ्याची ही हालचाल सेकंदाला साधारण दीड मीटर इतक्या अचूकतेने मोजून दाखवलीय. म्हणजे नाक्यावर भाजी आणायला निघालेल्या माणसाचा वेग, कित्येक प्रकाशवर्षांवरून.

त्यासाठी आख्खं यंत्र शून्याखाली ९० अंशांच्या आसपास, निर्वात टाकीत ठेवतात आणि आतलं तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही हलू देत नाहीत. रेघा मोजायला पट्टी म्हणून लेझरपासून समान अंतरावरच्या हजारो रेघा तयार करतात. त्या साधनाला इंग्रजीत कोंब म्हणतात, म्हणजे आपली फणी. मागावर प्रत्येक तार आपल्या घरात राहावी म्हणून जशी फणी असते, तशीच. २०२३ मध्ये याच यंत्राने सापडलेल्या एका ग्रहाची बातमी आली होती. सूर्याच्या नवव्या हिश्शाएवढा बारका तारा आणि त्याच्याभोवती किमान १३ पृथ्वींच्या वजनाचा ग्रह. इतक्या छोट्या ताऱ्याला इतका मोठा ग्रह असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

आणि हे यंत्र बनवणाऱ्या गटाचे प्रमुख कोण, तर सुव्रत महादेवन, पवईच्या आयआयटीत शिकलेले. त्या गटात काम केलेले जो फिलिप निनान यांनी पीएचडी केली टीआयएफआरमध्ये, टिरस्पेकवर काम करत. निनान पुढे टीआयएफआरमध्ये परत आले. माझ्या मते या सगळ्या लांबलचक गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही आहे. १९१२ साली यंत्र गेलं आणि विद्याही गेली. या वेळी माणूस कुलाब्यात हात बसवून शिकला, जगातलं सर्वोत्तम काम करून आला आणि पुन्हा त्याच ठिकाणी शिकवायला बसला. परंपरा म्हणतात ती अशी तयार होते. ओट्यांनी होत नाही.

पण हुरळून जायचं कारण नाही. टिरस्पेक आणि टॅन्स्पेक दोन्ही हवाईतल्या मौना केआ इन्फ्रारेड या कंपनीबरोबर मिळून झाले. आतला डिटेक्टर, म्हणजे यंत्राचा डोळा, अमेरिकेचा. यात लाज काही नाही. शिकणारा आधी जाणत्याबरोबरच बसतो. प्रश्न एवढाच, की पुढची पायरी आपण चढणार का? ३० मीटरच्या टीएमटी दुर्बिणीत भारताने २०१४ मध्ये भाग घेतला. तिच्यासाठी अत्यंत बारकाव्याचा अवरक्त स्पेक्ट्रोग्राफही आखला जातोय. पण ती दुर्बीण हवाईतल्या स्थानिकांच्या विरोधात अडकली. तो डोंगर त्यांना पवित्र आहे, त्यांचं म्हणणंही ऐकायलाच हवं. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिला पुढच्या टप्प्यात न नेण्याचं ठरलं. दुसरीकडे हानलेलाच १३.७ मीटरची आपली स्वतःची दुर्बीण उभारायचा बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा प्रस्ताव आहे. ती झाली तर तिला यंत्रं लागतील. ती यंत्रं कोण बनवणार?

इथे मला आपलं गाव दिसतं. अशी यंत्रं फक्त पीएचडीवाले बनवत नाहीत. अचूक लेथवर बसणारा, निर्वात पंप जोडणारा, वेल्डिंग करणारा, एक मायक्रॉनची चूक हाताला कळणारा माणूस लागतो. आपल्या आयटीआयत, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या किती पोरांना माहीत आहे की कुलाब्यात अशी कार्यशाळा आहे? भिवंडीहून ती दोन-अडीच तासांवर आहे. शाळेची सहल दरवर्षी वॉटर पार्कला जाते. एकदा नेहरू तारांगणला न्या, एकदा टीआयएफआरच्या विज्ञान दिनाला न्या, जमलं तर हिवाळ्यात वांगणीला आकाश बघायला न्या. नगरसेवकांकडे गटार-रस्त्यांबरोबर एकदा हेही मागू. मागायला काय जातं?

आणि ज्यांच्या घरात अजून कुणी जुना जॉबर, फिटर, टर्नर असेल, त्यांनी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. माझा तो चान्स गेला.

भाषणाचं काय झालं? भाचीने विजयदुर्गापासूनच सुरुवात केली. म्हणाली, साहेब आले होते, पण १८९८ साली. मग जेऊर आणि नायगमवाला सांगितले. शेवटी तिने ओढणी ताणून धरली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला मोबाइलचा दिवा लावून मुलांना एकेक करून बघायला बोलावलं. रांग लागली. बाईंनी उलटा प्रश्न विचारला, पण तो हेलियमचा नव्हता. "हे नायगमवाला आमच्या पुस्तकात का नाहीत?"

ती म्हणाली, "बाई, ते मला माहीत नाही."

पुढच्या १८ ऑगस्टला तो फॉरवर्ड आला, की तो खोडून भांडायची गरज नाही. त्याच्याखाली एवढंच लिहा: साहेब १८९८ ला आले होते, आणि त्याच ग्रहणाला जेऊरला आपले नायगमवाला होते. तेवढं पुष्कळ आहे.